मॅच मोबाइलवर येते, पण नेमकी कुठून?

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादेत भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कप फायनल सुरू होती आणि हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक ती पाहत होते. एवढ्या सगळ्यांना एकाच ठिकाणाहून व्हिडिओ पाठवायचा झाला असता, तर पहिल्याच ओव्हरमध्ये यंत्रणा कोलमडली असती. मग हे जमलं कसं?

गल्लीतला वाणी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वाशीच्या मार्केटला जात नाही, साखरेचं पोतं एकदाच आणून ठेवतो. इंटरनेटवर हेच काम सीडीएन, म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क करतं. त्याचे सर्व्हर शहरोशहरी, अनेकदा थेट इंटरनेट कंपन्यांच्या जागेत ठेवलेले असतात. एकाने मागितलेल्या फाइलची प्रत तिथे राहते आणि पुढच्या हजारोंना तीच मिळते. या साठ्याला कॅश म्हणतात.

नेटफ्लिक्स तर मागणीचीही वाट पाहत नाही. 'ओपन कनेक्ट' या योजनेत कंपनी आपले सर्व्हर इंटरनेट पुरवठादारांकडे बसवते. उद्या काय पाहिलं जाईल याचा अंदाज बांधून, गर्दी नसलेल्या वेळी ते भरले जातात.

लाइव्ह मॅच अशी आधी भरून ठेवता येत नाही. पुढचा बॉल अजून पडायचाच असतो! म्हणून व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा जवळच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून वाटला जातो. शेजारच्या टीव्हीवर विकेटचा जल्लोष आधी ऐकू येतो, त्यामागे या तुकड्यांचा मोठा हात असतो.

तरीही मोबाइलवर चक्र का फिरतं? कारण हा साठा सहसा टॉवरच्या अलीकडेच थांबतो. टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते. शंभर जण तीच मॅच पाहत असले, तरी साधारणपणे प्रत्येकाला वेगळा व्हिडिओ पाठवावा लागतो. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर एचडी थांबवून १४ एप्रिलपर्यंत ४८०पी ही मर्यादा घातली. कॅश तेव्हाही होतीच.

व्हिडिओ कॉल किंवा यूपीआयला तर कॅशचा उपयोगच नाही. प्रत्येकाचं बोलणं आणि व्यवहार वेगळा, साठवून वाटणार काय? सिनेमाचं मात्र तसं नाही. रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी घाटातल्या एसटीतही तो अडखळत नाही.