नाईक यशवंत घाडगे आणि इटलीतले सावलीचे घड्याळ

माणगावला तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा आहे. बाजाराला किंवा दाखल्याला गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. पण तो कोणाचा, असे मी आमच्या वर्गात विचारले तेव्हा निम्म्या मुलांनी नुसते "मिलिटरीवाल्याचा" असे सांगितले. म्हणून गुरुजींनी मला ही माहिती लिहायला सांगितली.

तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. ते आपल्याच तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. त्या वेळी आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत, रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. 'नाईक' हे आडनाव नाही बरे का, तो फौजेतला हुद्दा आहे. माझे मामा फौजेत आहेत. त्यांनी सांगितले की नाईकाच्या बाहीवर दोन फिती असतात आणि त्याच्या हाताखाली साधारण दहा जवानांची तुकडी असते. तिला सेक्शन म्हणतात.

यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. दुसरे महायुद्ध चालू होते आणि त्यांची पलटण इटलीत लढत होती. तिथे हिटलरच्या जर्मन फौजेने ठाण मांडले होते. रोम शहरातून वाहणारी टायबर नदी जिथून खाली येते, त्या वरच्या डोंगराळ खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी घाडगे यांच्या कंपनीने शत्रूच्या एका पक्क्या ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधले सगळे जवान मेले किंवा घायाळ झाले. उभे राहिले एकटे घाडगे.

ते थांबले नाहीत, सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गेले. मग आपल्या टॉमीगनने आणखी एकाला मारले. एवढ्यात मॅगझीन बदलायची वेळ आली. मॅगझीन म्हणजे बंदुकीला खालून लावायची गोळ्यांची पेटी. ती संपली की काढायची आणि भरलेली लावायची. मी मामांना विचारले, "त्याला किती वेळ लागतो?" ते म्हणाले, "सराव असला तरी दोन-चार सेकंद जातातच. आणि समोरचा दोन हातांवर असला तर तेवढे कोण देतो रे?" घाडगे यांनी मॅगझीन बदललेच नाही. बंदूक नळीकडून धरली आणि लाकूड तोडावे तसे घाव घालून उरलेल्या दोघांना संपवले. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय होते २२.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आजीने लढाईचे काहीच विचारले नाही. "मागं घरी कोण होतं त्याच्या?" एवढेच म्हणाली. पत्नी होती. व्हिक्टोरिया क्रॉस हे त्या वेळचे शौर्याचे सर्वांत मोठे पदक घाडगे यांना मरणोत्तर मिळाले, ते त्यांच्या पत्नीच्या हाती आले. आजी म्हणाली, "पदक कुठं नि माणूस कुठं."

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इटलीतच केलेल्या पराक्रमासाठी मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनाही हेच पदक मिळाले. ते आपल्या नगर जिल्ह्यातले. ते मात्र जिवंत परत आले.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. मग ते इंग्रजांसाठीच मेले ना?" प्रश्न बरोबर आहे. १९४२ साली आपली माणसे 'चले जाव' म्हणत तुरुंगात जात होती आणि त्याच वेळी आपलीच माणसे इंग्रजांच्या फौजेतही होती. त्या युद्धात हिंदी फौजेत २५ लाखांच्या आसपास माणसे होती, आणि सगळी आपणहून भरती झालेली. कोणी पगारासाठी गेले, कोणी घराण्याची रीत म्हणून. पण मला वाटते, तुकडीतली सगळी माणसे पडल्यावर घाडगे यांच्या मनात राजाबिजा कोणी नसेल. आणि ज्या गावांवरून जर्मन फौज हटली, तिथल्या लोकांना त्याचे मोल आजही कळते.

कारण घाडगे यांची कबर वा समाधी कुठेही नाही. इटलीत कॅसिनो येथे, ज्यांची कबर सापडत नाही अशा ४ हजारांहून जास्त सैनिकांची नावे कोरलेली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. दिल्लीत इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धाची आणि १९१९ च्या अफगाण युद्धाची नावे आहेत. २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्यानंतरची. दुसऱ्या महायुद्धातले बिचारे मधल्या मध्ये राहिले.

पण २०२३ च्या जुलैमध्ये टायबरच्या खोऱ्यातल्या मोंतोने गावाने घाडगे यांच्या नावाने स्मारक केले. ते आहे सावलीचे घड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर लॅटिन भाषेत आहेत.

सावलीचे घड्याळ कसे चालते? त्याला काटे नसतात, एक दांडी असते. सकाळी सूर्य पूर्वेला म्हणून दांडीची सावली पश्चिमेला. सूर्य सरकतो तशी सावली उलट बाजूला सरकते, आणि ती कोणत्या रेघेवर आली ते पाहून वेळ कळते. भर दुपारी सावली सर्वांत आखूड. गंमत अशी की मोंतोनेत दुपारची सावली बाराही महिने उत्तरेकडेच पडते. आपल्याकडे मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो, म्हणून ती थोडीशी दक्षिणेकडे पडते. म्हणजे १० जुलैला तिथली सावली एका बाजूला आणि आपली दुसऱ्या बाजूला. अर्थात जुलैत आपल्याकडे ऊन पडेल तर!

१० जुलैला परिपाठात सातवीचा वर्ग ही माहिती वाचणार आहे. पाऊस उघडला तर दुपारी पावणेएकच्या सुमारास मैदानात काठी रोवून सावली मोजू. पट्टी ज्याने त्याने आणावी.