चिखल्यांचे औषध कसे पारखतात?

भातलावणी सुरू झाली, की पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते. लोक म्हणतात, चिखलाने पाय कुजला. पण पुष्कळदा तिथे बुरशी वाढलेली असते. शिळ्या भाकरीवर येते ना, तिच्याच गोतातली!

बुरशीवरचे एक औषध आपल्या पुण्याशेजारी, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात निघाले. डॉ. थिरुमलाचार यांनी मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून ते मिळवले. १९६१ साली ते जाहीर झाले. त्याचे नाव हॅमायसिन. तोंडात पांढरी बुरशी येते, तिच्यावर ते वापरले गेले. पण एका बुरशीवर चालले, म्हणून दुसरीवर चालेलच असे नाही. दर वेळी नवी पारख करावी लागते.

आधी काचेच्या बशीत बुरशी वाढवून तिच्यावर औषध घालतात. मग जनावरांवर पाहतात. मग थोड्या निरोगी माणसांवर. शेवटी रोग्यांची पाळी. रोग्यांचे दोन गट करतात. एकाला नवे मलम, दुसऱ्याला जुने किंवा नुसते साधे मलम. नळ्या दिसायला सारख्याच. कोणती कोणाला, हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. नाहीतर काय होते? नवे औषध म्हटले, की मनालाच बरे वाटू लागते. शिवाय पाऊस उघडला, पाय कोरडे राहिले, तरी चिखल्या कमी होतात. मग गुण उन्हाचा की मलमाचा?

खाज थांबली म्हणजे रोग गेला, असेही नाही. काही मलमांत स्टेरॉइड नावाचे द्रव्य असते. त्याने खाज लवकर थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. अशी मलमे आम्हांला मुळीच पसंत नाहीत. म्हणून पारख करताना कातडीचा थोडा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात.

उद्या तुम्हांला कोणी म्हणाले, "नव्या औषधाच्या चाचणीत या," तर लगेच अंगठा उठवू नका. आता तुम्हांला वाचता येते. संमतीचा कागद तुम्हांला समजेल अशा भाषेत असायला हवा. औषधाने काय त्रास होऊ शकतो, ते त्यात लिहिलेले हवे. नको म्हणण्याचा, मध्येच सोडून जाण्याचा तुम्हांला हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाली, तर फुकट उपचार मिळाले पाहिजेत, असा २०१९ सालचा सरकारी नियम आहे. सही केल्यावर कागदाची एक प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा.