तीन उंट आणि पांढरी घरं

२०१७ साली रॉजर पेनरोझ यांनी मांडलेला हा डाव बघा. पांढऱ्याकडे राजा नि चार प्यादी; काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, पाच प्यादी, शिवाय तीन उंट, तिन्ही काळ्या घरांतले. प्रोग्रॅम मोहऱ्यांची बेरीज करून म्हणतो, काळा जिंकतोय. आपण जरा थांबू. वजीर नि हत्ती प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडलेत. पांढऱ्याची सगळी प्यादी पांढऱ्या घरांत, उंटांच्या हाती लागायचीच नाहीत. राजानं पांढऱ्या घरांतच येरझाऱ्या घालाव्यात, फुकटचा हत्ती मारू नये (मारला की भिंत फुटली!), ५० चालींच्या नियमानं बरोबरी ठरलेली. यावरून पेनरोझ आकलनाला गणनेपलीकडे नेतात. एवढी उडी आम्हाला मान्य नाही. प्रोग्रॅम चुकतो तो कितीही खोल गेला तरी शेवटी तीच बेरीज मांडतो म्हणून.