विषाणुविरोधी औषधे आणि हृदयाची लय

विषाणूंवरील औषधांनी असंख्य प्राण वाचविले आहेत. त्यांतील काही औषधे हृदयाच्या लयीत ढवळाढवळ करतात, ही बाब मात्र आपल्या नांदेड-लातूर परिसरातील पुष्कळ कुटुंबांना 2020-21 सालीच प्रथम कळली. करोनाच्या पहिल्या लाटेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व अझिथ्रोमायसिन ही औषधे अनेक ठिकाणी एकत्र दिली गेली. (खरे पाहता पहिले मलेरियावरील व दुसरे जीवाणूंवरील.) प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीवर येतात, त्या क्रियेस ही दोन्ही औषधे विलंब लावतात. ईसीजीवर हा विलंब 'क्यूटी' अंतराच्या रूपाने मोजता येतो. हे अंतर 500 मिलिसेकंदांपलीकडे गेल्यास अकस्मात प्राणघातक लयदोष उद्भवण्याचा धोका बराच वाढतो. एप्रिल 2021 मध्ये ज्या रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक दारोदार हिंडत होते, त्याने काही रुग्णांची नाडी मंदावत असे. बहुधा औषध थांबविताच ती पूर्ववत होई.

ती साथ ओसरली. आमच्या दृष्टीने आज अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे विषाणुविरोधी औषधे घेणाऱ्यांचा. एचआयव्हीबाधितांना शासनातर्फे 2004 पासून मोफत एआरटी मिळते. हल्ली प्रारंभी दिल्या जाणाऱ्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅव्हिर यांच्या संयुक्त गोळीचा हृदयाच्या लयीवर लक्षणीय परिणाम होत नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. भीतीपोटी ही गोळी सोडणे सर्वथा अनिष्ट होय. दुसऱ्या टप्प्यातील अ‍ॅटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर व रिटोनाव्हिर यांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. रिटोनाव्हिर यकृतातील औषधे विघटित करणारी यंत्रणा रोखून धरते. परिणामी, अन्यत्र घेतलेले साधे औषधही रक्तात साचत जाते. वांतीवर दुकानातून परस्पर आणलेली डोमपेरिडोनची गोळी किंवा हृदयरोग्याचे अमिओडॅरोन ही त्याची नित्याची उदाहरणे. हेपॅटायटिस-सी वरील सोफोसबुव्हिर अमिओडॅरोनसह दिल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2015 साली दिला होता. उन्हाळ्यात जुलाब-वांत्यांनी शरीरातील पोटॅशियम घटले, की क्यूटी अंतर वाढविणाऱ्या औषधांचा धोका आणखी बळावतो.

अडचण अशी, की एआरटी घेणारा रुग्ण ही गोष्ट सहसा बोलत नाही. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून लातूरचा रुग्ण नांदेडचे केंद्र निवडतो, नांदेडचा लातूरचे. आणि छातीत धडधड होऊ लागली म्हणून तिसऱ्याच डॉक्टरांकडे जातो. तेथे त्याची फाईल नसते. समाजाच्या दूषित नजरेची ही किंमत त्याने हृदयाने चुकवावी, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. या कारणास्तव आमच्या बाह्यरुग्ण विभागात चालू औषधांची चौकशी नातेवाइकांसमक्ष न करता स्वतंत्र खोलीत केली जाते. औषधांची नावे आठवत नसल्यास गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत. डोळ्यांपुढे अंधारी येणे, भोवळ येणे वा नाडी एकाएकी फार मंद किंवा जलद होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. नियमित औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.