लक्ष्मीला घाम का फुटला?

मागच्या पावसाळ्यात सुट्टीत लातूरला घरी गेले होते. सकाळी सकाळी आजीने हाक मारली, "अगं ये की हिकडं! लक्ष्मीला घाम फुटलाय बघ." मी धावत गेले. खरंच, देवघरातल्या तसबिरीच्या काचेवर आतून पाण्याचे बारीक थेंब जमले होते. आजीने हात जोडले. मला मात्र थर्मोडायनॅमिक्सचा पेपर आठवला.

ही लक्ष्मी म्हणजे रविवर्मा प्रेसचं जुनं चित्र. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून ही चित्रं छापायचे आणि ती घरोघर पोचली. आमची लक्ष्मी आजीच्या सासूबाईंनी तुळजापूरच्या जत्रेतून आणलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा औसा तालुक्यातलं आमचं माळवदाचं घर पडलं. मातीतून तसबीर काढली तर काच फुटलेली, पण चित्र शाबूत! आजोबांनी ते पत्र्याच्या पेटीत जपलं. लातूरला घर झाल्यावर बाबांनी हौसेने नवी फ्रेम करून आणली: सोनेरी पट्टी, मागे प्लायवुड, त्यावर फेव्हिकॉलने चिकटवलेलं चित्र आणि वर काच.

मित्रांनो, गंमत अशी की भूकंपातून वाचलेलं चित्र या नव्या फ्रेममध्ये मरत होतं.

म्युझियममध्ये अंधार का?

हे कळायचं कारण म्हणजे आमची मुंबईची इंडस्ट्रियल व्हिजिट. एक दुपार मोकळी मिळाली म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयात गेलो. (घरचे अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतात. १९२२ पासून ते लोकांना खुलं आहे.) लघुचित्रांसमोर उभं राहून आमच्यातला एक म्हणाला, "लोड शेडिंग इथंपण आहे का?" सगळे हसले. नंतर लायब्ररीत वाचलं आणि उत्तर सापडलं.

कागदावरच्या चित्रांसाठी जगभरची म्युझियम्स साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात. प्रकाशाने रंग उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. नुकसान मोजायचं सूत्र सोपं आहे: लक्स गुणिले तास. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. आपल्याकडचं उन्हाळ्यातलं थेट ऊन साधारण १,००,००० लक्सचं. म्हणजे म्युझियममधला वर्षभराचा उजेड आपल्या उन्हात सव्वा तासात संपतो! म्हणून तिथे चित्रं आळीपाळीने लावतात. काही महिने भिंतीवर, मग पुन्हा अंधाऱ्या कपाटात विश्रांती.

फ्रेम म्हणजे सँडविच

म्युझियमची फ्रेम शोभेची कमी आणि संरक्षणाची जास्त. तिचे थर मागून पुढे बघू.

१) पाठ: कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. ॲसिडने त्या तुटतात, कागद पिवळा पडतो आणि पापडासारखा मोडतो. प्लायवुड, हार्डबोर्ड, साधा पुठ्ठा यातून हळूहळू ॲसिड सुटतं. म्हणून म्युझियममध्ये ॲसिड-फ्री बोर्ड वापरतात. त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, म्हणजे आलेलं ॲसिड तिथल्या तिथे न्यूट्रल होतं. (दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवायची जुनी परंपरा आहे. चिंध्यांच्या लांब धाग्यांचा असा कागद शेकडो वर्षं टिकतो, आणि आपलं वर्तमानपत्र महिनाभर उन्हात टिकत नाही, त्याचं कारण हेच.)

२) बिजागरी: चित्र पाठीला पूर्ण चिकटवायचं नाही! कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. चारी बाजूंनी पक्का केला तर तो फुगे धरतो किंवा फाटतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समधले थर्मल स्ट्रेस आठवा. म्हणून फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या लावून चित्र लटकवतात. त्यासाठी चक्क गव्हाच्या स्टार्चची खळ! पन्नास वर्षांनीही ती पाण्याने सुटते. आपले बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून; चित्राला मात्र ते चालत नाही, कारण तांबं कागदाला आणखी लवकर खराब करतं. आणि सेलोटेप? नावच काढू नका. तिचा डिंक कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो.

३) माउंट: चित्राभोवतीची खिडकीसारखी कापलेली जाड चौकट. आपल्याला वाटतं शोभेसाठी. खरं काम म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये हवेची फट ठेवणं.

४) काच: अल्ट्राव्हायोलेट अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक. पण खडू किंवा कोळशाच्या चित्राला ॲक्रिलिक नको, स्टॅटिक चार्जने भुकटी उडून त्याला चिकटते.

तर घाम कशाचा?

लातूरची पावसाळी हवा समजा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. तिचा ड्यू पॉइंट साधारण २५ अंश. आमच्या देवघराची भिंत बाहेरच्या बाजूची, पावसाने ओली आणि गार. तिला टेकलेली फ्रेम रात्री २५ च्या खाली गेली की आतली वाफ काचेवर जमली. आमच्या फ्रेमला माउंट नव्हता, त्यामुळे ते पाणी थेट कागदावर. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. म्युझियम ती ५० च्या आसपास राखतं.

बाबांनी आणि मी फ्रेम उघडली. खालचा उजवा कोपरा काचेला चिकटलेला, कडेला बुरशीचे ठिपके. बाबा ओढायला निघाले, मी हात धरला. चिकटलेलं चित्र ओढलं की रंग काचेवर राहतो. प्लायवुडवरूनही ते सोडवलं नाही, ते काम तज्ज्ञांचं. कोरडं करून, काचेसकट, आडवं एका खोक्यात ठेवलंय. दुकानदाराचा दोष नाही, आम्हीच "पक्कं करून द्या" म्हणालो होतो.

हॉस्टेलवाल्यांसाठी

तुमच्याकडे रविवर्मा नसेल, पण दहावीचं सर्टिफिकेट आणि आजोबांचा फोटो असेलच. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक कागद न फाडता निघत नाही. फ्रेम करायची तर माउंट मागा, प्लायवुड आणि गोंद टाळा. बाहेरच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल, कसर आणि वाळवी पण लवकर दिसेल. जे जपायचं ते कपाटात ठेवा आणि भिंतीवर त्याची कलर झेरॉक्स लावा. म्युझियमसुद्धा कधी कधी हेच करतं.

आमच्या देवघरात आता झेरॉक्सच आहे. आजीला सांगताना मला भीती वाटत होती. तिने झेरॉक्सच्या काचेला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "अन् खरी कुठं ठेवलीस?"

"कपाटात, आडवी."

"बरं केलंस. पर दिवाळीला दाखवत जा मला."

म्युझियमवाले यालाच रोटेशन म्हणतात.