देव खाली उतरला, आपण वर चढू या

पणदऱ्याच्या शिवारात नजर लांब जात नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस चहूबाजूंनी उभा असतो आणि जमीन सपाट. मुलांना डोंगर दाखवायचा, तोही एका सकाळीत चढून उतरता येईल असा, तर नीरेच्या रस्त्याला लागावं. नीरा, वाल्हे आणि मग जेजुरी. आषाढी वारीत माउलींची पालखी ज्या वाटेने येते, तीच वाट आपण उलटी जातो.

जेजुरी आपल्याला नवी नाही. खंडोबा या भागातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत. नवं जोडपं गडावर जातं, जागरण-गोंधळ होतो, भंडारा उधळला जातो. पण दर्शन झालं की बहुतेक कुटुंबं गडावरूनच माघारी फिरतात. गडामागचा उंच डोंगर, कडेपठार, तसाच राहून जातो. खंडोबाचं मूळ ठाणं तिथलं. म्हाताऱ्या झालेल्या भक्ताला चढण झेपेना, म्हणून देवच खालच्या टेकडीवर आला, अशी कथा सांगतात. देव आपल्यासाठी इतका खाली उतरला असेल, तर धडधाकट माणसांनी एकदा तरी वर जायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

वाट सोपी आहे. दगडी पायऱ्या, मधेमधे सपाटी, वाटेत लहानमोठी देवळं. पाच-सहा वर्षांचं मूल रमतगमत चढतं. आजी-आजोबांचे गुडघे ठीक असतील तर थांबत थांबत तेही येतात. घाई मात्र करू नये. दोन्ही बाजूंना माळाचं गवत, बोरी-बाभळी, निवडुंग आणि तरवडाची झुडपं. नवरात्राच्या सुमारास तरवड पिवळा फुललेला असतो. कुसळं पायजम्याला चिकटतात, तेव्हा मुलांना पायभर कपडे आणि चांगली पकड असलेले बूट घालावेत. पावसात पायरीवर भंडारा सांडलेला असला की पाय सटकतो. तिथे लहानग्याचा हात सोडू नये.

वरचं देऊळ गडापेक्षा लहान आणि निवांत. रविवार, पौर्णिमा आणि यात्रेचे दिवस टाळले तर दर्शनाला रेटारेटी नाही. दर्शन घेऊन बाहेर आलं की खरा खजिना उलगडतो. ज्या गडाकडे आपण खालून मान वर करून पाहतो, तो इथून पायाशी दिसतो: तटबंदी, कमानी, दीपमाळा आणि खाली पसरलेलं गाव. पलीकडे कऱ्हेवरच्या नाझरे धरणाचं पाणी, मल्हारसागर. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेकडे पुरंदर-वज्रगडाची जोडी ओळखू येते.

इथे मुलांना बसवून नद्या सांगाव्यात. कऱ्हा सासवडच्या वर गराड्याकडे उगम पावते, जेजुरीजवळून मोरगावला जाते, बारामती शहरातून वाहते आणि सोनगावला नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेत जाते. आपलं पणदरं या कऱ्हा-नीरेच्या मधल्या पट्ट्यातलं. तरीही जेजुरी, मोरगाव, सुप्याकडचा मुलूख जिराईत आणि आपल्याकडे बारमाही ऊस, याचं कारण कालवा. १८७६-७७च्या दुष्काळानंतर ब्रिटिशांनी नीरेचा डावा कालवा काढला. भाटघरला साठवलेलं पाणी नदीतून वीरला येतं आणि तिथून कालव्याने बारामती-इंदापूरच्या शेतांत जातं. सह्याद्रीला अडून पाऊस कमी होत गेलेला हा सगळा प्रदेश. कालवा आला नसता तर आपलं शिवारही या माळासारखंच राहिलं असतं. शाळेतल्या नकाशावर ही गोष्ट कळत नाही, ती इथे समोर दिसते.

निघायचं ते पहाटेच. उन्हं तापायच्या आत वर पोचावं, कारण वाटेवर सावली फार थोडी. पाणी घरूनच भरून न्यावं, टोप्या घ्याव्यात. श्रावणापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. चैत्र-वैशाखात लहान मुलांना घेऊन चढू नये. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि भंडाऱ्याच्या रिकाम्या पिशव्या परत खाली आणायच्या, हेही मुलांच्याच हाती सोपवावं.

जरा मोठी मुलं असतील तर दसऱ्याची रात्र त्यांना एकदा अवश्य दाखवावी. गडावरून एक पालखी निघते, कडेपठारावरून दुसरी. मधल्या दरीत, रमण्यात, मध्यरात्रीच्या सुमारास दोन्हींची भेट होते. दुसऱ्या दिवशी गडावर पानसे सरदारांनी अर्पण केलेला सुमारे ४२ किलोचा खंडा उचलण्याच्या कसरती होतात. दातांत खंडा धरून तोलणारे गडी पाहिले की मुलं पुढचे आठ दिवस दुसरं काही बोलत नाहीत.