काबुकी कुणाचं?

बालगंधर्वांनी पदर सावरला की नाट्यगृह कसं स्तब्ध होई, हे आपण आजोबा-आजींकडून ऐकलं आहे. पुरुषानं स्त्री साकारण्याची अशीच परंपरा जपानच्या काबुकी रंगभूमीवर आहे. १६२९ साली तिथल्या राज्यकर्त्यांनी स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली. पुढे पुरुषांनीच स्त्रीभूमिकेची शैली घडवली. मोठ्या नटाच्या घरात जन्मायचं, लहानपणीच चेहऱ्याला रंग लावायचा आणि मोठेपणी वाडवडिलांचं रंगनाव धारण करायचं, अशी ही घराणेदार कला.

हीच कला हवाई विद्यापीठाचे विद्यार्थी करतात, आणि तीही इंग्रजीत! हा हौशी उद्योग नव्हे. त्याची सुरुवात १९२४ ची. उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी जपानी कुटुंबं हवाई बेटांवर आली होती. त्यांची मुलं इंग्रजी शाळांत शिकत होती. आईवडिलांचं नाटक मुलांच्या भाषेत आलं, ते असं.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरला. अमेरिकी लष्करी प्रशासनाला काबुकीतल्या सूडाच्या आणि स्वामिनिष्ठेच्या कथा धोक्याच्या वाटल्या, अनेक नाटकांवर बंदी आली. त्या सेन्सॉर कचेरीत अर्ल अर्न्स्ट नावाचे अधिकारी होते. हेच अर्न्स्ट पुढे हवाई विद्यापीठात विद्यार्थ्यांकडून काबुकी बसवून घेऊ लागले. १९५६ मध्ये त्यांनी काबुकीवर ग्रंथही लिहिला. कात्री चालवणारा हात जोपासना करू लागला! १९६८ पासून जेम्स ब्रँडन यांनी ही परंपरा पुढे नेली.

विद्यार्थ्यांची तालीम महिनोन्महिने चालते. जपानहून गुरू येतात. आधी चालायला, बसायला, मान वळवायला शिकवतात. उत्कट क्षणी नट एकाएकी थिजतो, डोळे वटारतो आणि बाजूला लाकडी ठोकळे कडाडतात. याला 'मिए' म्हणतात. तो क्षण साधला नाही, तर सगळा पोशाख फुकट.

खरी कसोटी भाषेची. आपल्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं मोजतात, तसे काबुकीतले गाजलेले संवाद सात-पाचच्या मापात चालतात. जपानी शब्द बहुधा स्वरावर संपतो, म्हणून नटाला तो लांबवता येतो. इंग्रजी शब्द व्यंजनावर आपटतो. अर्थ आणला की लय सुटते, लय धरली की अर्थ निसटतो. हे दुखणं कवीला चांगलं ठाऊक असतं.

या परंपरेला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०२४ मध्ये, विद्यापीठानं मोकुआमी या नाटककाराचं १८६२ चं बेन्तेनचं नाटक केलं. त्यात एक तरुण चोर कुलीन मुलीच्या वेषात कापडाच्या दुकानात शिरतो. सोंग उघडं पडताच खांद्यावरचं गोंदण दाखवत ठसक्यात आपलं नाव सांगतो. हवाईच्या रंगमंचावर मुलीही भूमिका करतात. तेव्हा कुणी कुणाचं सोंग घ्यावं, याला तिथं जन्माची अट उरलेली नाही.

मी मराठीत कविता लिहितो. माझं नाव ऐकून, ''तुम्ही मराठीत कसे काय?'' असं लोक अजून विचारतात. प्रेमानंच विचारतात, पण विचारतात. अशा वेळी मला ही मुलं आठवतात. त्यांचा जपानी गुरू आडनाव विचारत बसत नाही. पाऊल चुकलं की म्हणतो, पुन्हा कर. मलाही मराठीनं आजवर एवढंच सांगितलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)